कालिंदीताई आणि गोरेगावचा धूर

सेनगावच्या कोर्टात मी वकिली सुरू केली तेव्हा मला न्यायाधीशांची भीती वाटत नव्हती, कालिंदीताईंची वाटत होती. त्या तिथे वरिष्ठ लिपिक होत्या. माझा पहिला वकालतनामा त्यांनी तीनदा परत केला. एकदा कोर्ट फीचं तिकीट नाही म्हणून, एकदा तारीख नाही म्हणून, आणि तिसऱ्यांदा सगळं जागच्या जागी होतं तर अक्षर लागत नाही म्हणून. "स्वानंद, तुला तरी वाचता येतंय का हे?" असं त्यांनी चार पक्षकारांसमोर विचारलं. मी वाचून दाखवायला गेलो आणि दुसऱ्या ओळीत अडकलो.

तीन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात आम्ही वकील मंडळींनी त्यांच्या कडक शिस्तीचं तोंड भरून कौतुक केलं, कारण ती शिस्त आता आमच्या मागची सुटणार होती. आठ दिवस सुखाचे गेले. नवव्या दिवशी बघतो तर व्हरांड्यात, नोटीस बोर्डाखाली टेबल टाकून बाई बसलेल्या. तालुका विधी सेवा समितीने त्यांना विधी स्वयंसेवक म्हणून नेमलं होतं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना, आणि बायका-लेकरांना तर कसलीही अट न घालता, ही समिती फुकट कायद्याची मदत करते. आलेल्या माणसाचं आधी ऐकून घ्यायचं, कागद जुळवायचे आणि गरज पडली तर समितीच्या यादीवरच्या वकिलाकडे पाठवायचं, हे स्वयंसेवकाचं काम. यादीवर मी होतो. म्हणजे निवृत्त त्या झाल्या, सुटका माझी झाली नाही.

त्यांची कामाची एक पद्धत आहे आणि ती कुठल्याही नियमात लिहिलेली नाही. अर्जदाराच्या घरी जाऊन चहा प्यायल्याशिवाय त्या अर्ज लिहीत नाहीत. माणूस लिहून आणलेला कागद पुढे करतो, त्या तो पूर्ण वाचतात, बाजूला ठेवतात आणि विचारतात, "घर कुठं आहे तुमचं?" मग शनिवारी पदर खोचून निघतात. जाण्यायेण्याचा वेळ आपला, तंगडतोड आपली. मी एकदा म्हणालो, "ताई, एवढं तर वकीलसुद्धा करत नाहीत." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुमच्या केसेस वीस वर्षं चालतात." यावर मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

गोरेगावचे सोनाजी आबा त्यांच्या टेबलापाशी आले ते मागच्या दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात. साठीपासष्टीचे, चार एकरांचे शेतकरी. धोतर पांढरंशुभ्र, आवाज मोठा. त्यांच्या हातात नातीची दवाखान्याची फाईल होती. नात आरोही दुसरीत. तिला दोन वर्षांपासून दम्याचा त्रास. पंप ओढावा लागतो, कधी कधी छाती अशी भरते की वाक्य पुरं करता येत नाही. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषध चालू ठेवा, पण धुरापासून पोरीला लांब ठेवा.

"आता धुरापासून कसं ठेवावं लांब, तुमीच सांगा," आबा म्हणाले. "शाळेच्या भिंतीला लागून जीपचा अड्डा हाय. दिसभर गाड्या चालू. पोरगं वर्गात बसून धूर गिळून राहिलं. माझा लेक पुण्याला कंपनीत. सुनेच्या माहेराहून निरोप आला, पोरीला नरसीला धाडा म्हणून. तिकडंच शिकंल म्हणतेत. संक्रांतीपोतर वाट पाहू, न्हाई तर नेऊ, असं ठरलं हाय." इथे त्यांचा मोठा आवाज जरा खाली आला. "घरात तेवढं एकच लेकरू हाय, ताई. ते गेलं तर आमी दोघं म्हातारे कोनाच्या तोंडाकडं पहावं?"

जीपवाल्यांवर केस करायची, अशी त्यांची मागणी. ताईंनी फाईल वाचली आणि विचारलं, "घर कुठं आहे तुमचं?"

शनिवारी त्यांनी मलाही सोबत ओढलं. सेनगावहून गोरेगावला जायला काळीपिवळी जीप धरली. इंजिन धडधडत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "बसा बसा, निघालीच." आम्ही बसलो. पंचवीस मिनिटं निघालीच होती. गाडी जागेवर थरथरत होती, मागून काळा धूर येत होता, आणि दर दोन मिनिटांनी ड्रायव्हर उगीचच ॲक्सिलरेटर दाबून गाडी हातभर पुढे, हातभर मागे घेत होता. मी घड्याळ पाहून चिडलो. ताई मात्र शांतपणे पाहत होत्या की नवीन येणारा प्रवासी कुठल्या गाडीत चढतो. बंद गाडीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. ज्या गाडीचं इंजिन चालू, तिच्यात लोक पळत येऊन बसत होते, अगदी माझ्यासारखे शिकलेले वकीलसुद्धा.

गोरेगावला उतरल्यावर ताई सरळ अड्ड्यावरच्या चालकांकडे गेल्या. सात-आठ जीपा शाळेच्या भिंतीला नाक लावून उभ्या होत्या, त्यातल्या चार चालू. त्यांच्यात मुन्ना नावाचा पस्तिशीचा चालक पुढारी होता. ताईंनी त्याला विचारलं, "गाडी भरेपर्यंत बंद का करत नाही रे बाबा? डिझेल काही फुकट मिळत नाही."

"मॅडम, शौक नही है अपने को," मुन्ना म्हणाला. "बंद केली तं सवारी दुसऱ्या गाडीत बसती. लोकांला इंजिनचा आवाज आला म्हंजे गाडी निघाली वाटते. चालू गाडीवरच लोकांचा भरोसा. आमी काय करावं?"

ताईंनी वहीत काहीतरी टिपलं. त्यांनी त्याला कायदा सांगितला नाही की धमकी दिली नाही. भिंतीपलीकडे दुसरीचा वर्ग कुठला, एवढंच विचारलं. त्याने लगेच बोट दाखवलं. त्याची पुतणी त्याच वर्गात होती.

आबांचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, मागचं दार थेट शेतात उघडणारं. आबांच्या पत्नी सुमनबाईंनी चहा टाकला. सून पुजा आत-बाहेर करत होती, बोलत नव्हती. आरोही आली, ताईंच्या शेजारी बसली, आणि तिने स्वतःहून आपला निळा पंप कसा ओढायचा ते आम्हाला करून दाखवलं. तोंडात धरायचा, दाबायचा, दहा आकडे मोजायचे. सात वर्षांच्या पोरीला त्यात काही नवल वाटत नव्हतं. मला मात्र चहा गोड लागेना.

ताईंनी विचारलं, "हिला त्रास कधी कधी होतो, लिहून ठेवलंय का कुणी?"

पुजा आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली. दुधाचे रतीब मांडतात तसं तिने त्यावर मांडलं होतं. साधा त्रास झाला की एक टिंब, जास्त झाला की फुली. आबांचा चेहरा उजळला. हा घ्या पुरावा, असं त्यांना वाटलं, आणि मलाही. जून ते सप्टेंबर टिंबं होती, रविवार सोडून. शाळेचा दिवस आणि टिंब, शाळेचा दिवस आणि टिंब. मी मनातल्या मनात युक्तिवाद रचायला लागलोसुद्धा.

ताई मात्र पान उलटून दिवाळीवर आल्या आणि थांबल्या. तिथे ओळीने पाच फुल्या होत्या.

"या पाच दिवसांत शाळेला सुट्टी होती ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय," पुजा म्हणाली. "एका दिशी तर हिंगोलीला न्यावं लागलं तिला."

"पोरगी घरीच होती? अड्ड्याकडे गेली नव्हती?"

"कुठं बी न्हाई गेली. अंगणातच खेळू राहिली व्हती."

सुमनबाई चुलीपासूनच म्हणाल्या, "तवा सोयाबीनचा भुसा पेटवला व्हता की यांनी. मळणी झाल्यावर. हरभऱ्याला रान मोकळं पाहिजे म्हणून."

मागच्या दारातून काळे पडलेले तीन मोठे गोल दिसत होते, घरापासून जेमतेम दीडशे पावलांवर. मी ते येताना पाहिले होते आणि शेतात असतात तसे आहेत म्हणून पुढे आलो होतो. आबाही रोज पाहत होते.

"भुसा तं सगळं गाव पेटवते," आबा म्हणाले. "आन् मी काही बेअक्कल न्हाई. वारा असला म्हंजे काडी लावत न्हाई मी. ठिणगी उडून शेजाऱ्याच्या रानात गेली तं त्याचं नुकसान व्हईल. सांजच्याला वारा पडला म्हंजेच पेटवतो. बापापासूनचं हे हाय."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. शेजाऱ्याच्या रानाची काळजी म्हणून ते वारा पडायची वाट पाहत, आणि वारा पडलेला म्हणून धूर कुठेही न जाता दिवेलागणीच्या वेळी गावावर, पत्र्याखाली, अंगणात येऊन बसे. ताईंनी हे अगदी हळू आवाजात समजावून सांगितलं. शेतातलं असं जाळायला मनाई आहे, त्याला दंड आहे, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, "अर्ज लिहिते मी. पण त्यात जीपच्या धुरासोबत हा धूरही लिहावा लागेल, आबा."

आबा उठले. कपाळाची शीर ताठ झाली होती. "म्या तुमच्याकडं माझी बाजू घ्याला आलतो. तुमी माझ्याच घरात बसून मलाच गुन्हेगार करून राहिल्या. मीच माझ्या नातीचा दम कोंडला, असं म्हणता का तुमी?"

"मी तसं म्हणत नाही. पण मला बाजू आरोहीची घ्यायची आहे."

"राहू द्या तुमचा अर्ज," आबा म्हणाले आणि मागच्या दाराने शेतात निघून गेले.

परतीच्या वाटेवर मी ताईंना बरंच सुनावलं. वकिलीचा पहिला धडा काय, तर आपल्या पक्षकाराच्या घरात जाऊन त्याचीच चूक शोधायची नसते. टिंबांवर काम झालं असतं, फुल्यांकडे बघायची गरजच नव्हती. ताई खिडकीबाहेर पाहत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "जीपा हलवल्या असत्या रे आपण. आणि जानेवारीत तुरीच्या तुराट्या पेटवल्यावर पोरगी परत हिंगोलीला गेली असती. मग?" पण त्यांनाही चैन नव्हतं हे मला दिसलं. पुढचे दोन मंगळवार आणि दोन शुक्रवार, म्हणजे त्यांच्या टेबलाच्या दिवशी, दुपारच्या जीपची वेळ झाली की त्यांची नजर फाटकाकडे जायची.

तिसऱ्या मंगळवारी आबा आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. समोर बसले आणि म्हणाले, "लिहा. जीपवाल्यांचं लिहा आन् माझं बी लिहा. माझं वर घ्या."

"आबा, अर्जदार आणि गैरअर्जदार एकच माणूस असा नमुना नाही आपल्याकडे," मी म्हणालो.

"मंग नवा करा. वकील हाव ना तुमी?"

काय झालं, कसं मन वळलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि ताईंनी विचारलं नाही. कोर्टात केस न घालता आधी दोन्ही बाजूंना समितीपुढे बसवून समजुतीने मिटवता येतं. ताईंनी तसा अर्ज लिहिला. पहिल्या परिच्छेदात आबांचा धूर, दुसऱ्यात जीपांचा. आयुष्यात इतका सरळ अर्ज मी वाचलेला नाही.

बैठकीला मुन्नासह सहा चालक आले, आणि तयारीने आले. मुन्नाच्या मोबाईलमध्ये आबांच्या शेतातल्या धुराची चित्रफीत होती. अर्ज वाचायला सुरुवात होताच तो फोन हातात घेऊनच बसला. पहिला परिच्छेद संपला. मुन्नाने फोनकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला. भांडायला आणलेलं सगळं सामान समोरच्यानेच कबूल करून टाकलं की माणसाची पंचाईत होते. तो म्हणाला, "बाबानं पहलेच बोल दिया. अब आमी काय बोलावं?"

त्यानंतरचं काम ताईंनी वहीतल्या टिपणावरून केलं. गाड्या बंद ठेवा म्हटलं तर सवारी जाते, ही चालकांची अडचण खरी होती. ताई म्हणाल्या, "दोन चालू गाड्या दिसतात म्हणून लोक निवडतात. भिंतीपाशी गाडीच दिसली नाही, आणि समोर एकच उभी असली, तर काय निवडणार?" बाकी सगळ्या गाड्यांनी बाजाराच्या मैदानात थांबायचं. जिचा नंबर, तीच एकटी रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली येणार, आणि शेवटची सवारी बसेपर्यंत बंद राहणार. यावर तासभर वाद झाला. एकजण म्हणाला, मैदानात सावली नाही. दुसरा म्हणाला, नंबर कोण पाळतो. मुन्नानेच त्याला दाबलं, "मी पाळायला लावतो." प्रत्येक गाडीचं प्रदूषणाचं प्रमाणपत्र महिन्याभरात नवं काढायचं, हेही ठरलं. मुन्नाच्या गाडीचं दीड वर्षापूर्वीच संपलं होतं. ते त्याने ताईंच्या डोळ्याला डोळा न भिडवता सांगितलं.

आबांनी लिहून दिलं की शेतात काडी लावणार नाही. भुसा उकिरड्यात आणि गोठ्यात, तुराट्या कुट्टी करून रानात. शेजारच्या चौघांना सांगायचं त्यांनीच अंगावर घेतलं.

सगळं गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही. चौघांतल्या दोघांनी आबांचं ऐकलं, एकाने बघू म्हटलं आणि एकाने जानेवारीच्या सुरुवातीला तुराट्या पेटवल्याच. तेव्हा आबांनी सुमनबाईंसोबत आरोहीला दोन दिवस गोरेगावातच दुसऱ्या टोकाला, चुलत्याच्या घरी ठेवलं. लिंबाखाली एखादा चालक अजूनही सवयीने किल्ली फिरवतो, आणि आतल्या बायाच त्याच्यावर ओरडतात. पण डिसेंबरभर पोरीला हिंगोलीला न्यावं लागलं नाही.

संक्रांत झाल्यावर पहिल्या शुक्रवारी आबा आले, सोबत पुजा होती. आज पुजा आपणहून बोलली. नोव्हेंबरातच, कुणाला न सांगता, तिने शाळेत आरोहीचा दाखला काढण्यासाठी अर्ज दिला होता. दाखला तयार झाल्याचा गुरुजींचा निरोप आला होता. "तो रद्द कसा करायचा, ताई?"

"साध्या कागदावर लिही. तिकीट नको, वकील तर नकोच," ताई म्हणाल्या आणि आपला पेन तिच्या हातात दिला. ताईंनी आपला पेन दुसऱ्याला दिलेला मी पहिल्यांदा पाहिला.

पुजा लिहू लागली. आबा व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभे होते. ते एकदम म्हणाले, "ताई, त्या दिशी तुमचा लई राग आला व्हता मला. तुमी गेल्यावर बांधावर जाऊन बसलो. रागानं नुसता धापा टाकू राहिलो. आरोही मागून आली. माझ्या तोंडाकडं पाहत बसली. आन् मंग खिशातून तिचा पंप काढून माझ्या हातात दिला. म्हणे, आबा, घ्या, मला आज लागत न्हाई."

मला माझ्या फाईलींमध्ये एकदम काहीतरी शोधावंसं वाटलं.

"दहा आकडे मोजा म्हणे, मी मोजते," आबा म्हणाले. "आन् मोजले तिनं."

कालिंदीताईंनी उठून त्यांच्या हाताला हात लावला. ताईंचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. पुजाचं लिहून झालं होतं. 'माझी मुलगी आता गावातच शिकणार आहे, तरी तिचं नाव काढू नये,' एवढं एकच वाक्य होतं, खाली सही. तिने कागद ताईंपुढे धरला, मग हात मागे घेतला, आणि सासऱ्यांच्या हातात दिला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि दुपारच्या आत शाळेत पोचवायचा म्हणून दोघं लगेच निघाले.